दुसरी भाजणी

इटलीतल्या प्रातो गावात मागांचा आवाज थांबला की झोपलेलं माणूस दचकून उठतं. मार्च महिन्याच्या त्या आठवड्यात अख्खं गाव असंच दचकल्यासारखं वावरत होतं. साल एकोणीसशे चव्वेचाळीस. लढाई कधी संपणार हे विचारायचंही लोकांनी सोडून दिलं होतं. लोकरीच्या गिरण्यांतल्या कामगारांनी संप केला होता, आणि जर्मनांच्या अमलात संप करणं म्हणजे काय हे पुरतं ठाऊक असताना केला होता.

आर्जियाच्या घरातलं कुणी संपात नव्हतं. तिचा सासरा सेत्तीमिओ पाव भाजायचा, नवरा ओरिआनो त्याच्या हाताखाली, आणि आर्जिया दुकानात. "आपण भट्टी विझवली तर संपवाल्यांनी खायचं काय? लोकर?" असं सेत्तीमिओ म्हणायचा, आणि पहाटे नेहमीसारखी भट्टी पेटवायचा. कुपनावर मिळणारं पीठ काळपट, त्यात काय काय दळलेलं असायचं देव जाणे. तरी म्हातारा ते असं मळायचा की पाव फुगून यायचा. एके काळी हेच दुकान बिस्किटांसाठी नावाजलेलं होतं. बदाम घातलेली, लांबट पाव करून भाजलेली, मग तिरकी कापून पुन्हा भाजलेली कडक बिस्किटं. फ्लोरेन्सचं कुणी येऊन "कांतुच्ची द्या" म्हणालं की सेत्तीमिओ भुवया चढवायचा. "कांतुच्ची तुमच्याकडे. इथे प्रातोचं बिस्किट मिळतं." आणि मग जास्तीची दोन बांधून द्यायचा. साखर आणि बदाम बाजारातून गेले तशी ती बिस्किटंही गेली.

ओरिआनो शांत माणूस. लहानपणी तापात त्याचा डावा कान गेला होता, म्हणून लष्करानं त्याला परत पाठवलं होतं. आर्जिया नेहमी त्याच्या उजव्या बाजूला झोपायची, उजव्या बाजूनं चालायची. शेजारची कोरिन्ना त्यावरून तिला चिडवायची. "तुझं बरं आहे गं. भांडण झालं की डावीकडे जाऊन हव्या तेवढ्या शिव्या दे." कोरिन्ना सूतगिरणीत होती, तिचा नवरा अल्फिएरो मागावर. ते दोघं संपात होते. कोरिन्नाच्या परसात कोंबड्या होत्या आणि तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. दोन घरांमध्ये एक भिंत होती इतकंच, बाकी सगळं एकत्रच चालायचं.

त्याच आठवड्यातल्या एका सकाळी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. सगळे तळघरात गेले. बॉम्ब पडले ते स्टेशनच्या बाजूला, पण भिंतींवरची माती डोक्यावर झडली. भोंगा पुन्हा वाजून सगळे वर आले तेव्हा स्टेशनकडे धुराचा लोट उठला होता. ओरिआनोची मावशी तिकडेच राहायची.

"बघून येतो," ओरिआनो म्हणाला.

"जा, पण लगेच ये," सेत्तीमिओ म्हणाला. "दुपारचं पीठ तुझं तू मळ. माझे खांदे आज काही ऐकत नाहीयेत."

अल्फिएरो म्हणाला, मीही येतो. ओरिआनोनं कमरेला बांधलेलं पुढचं फडकं सोडून खुंटीला अडकवलं आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या कपड्यांनीच तो निघाला. आर्जियानं मान वर करून पाहिलंही नाही. ती पावांवरची माती फडक्यानं झटकत होती.

दुपार उलटली. पीठ सेत्तीमिओनंच मळलं, एकट्यानं, पुटपुटत. पाव भट्टीत गेले. तेवढ्यात कोरिन्ना दारात येऊन उभी राहिली. एरवी ती बोलत बोलतच आत यायची. आज तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली होती.

"काय झालं?" आर्जियानं विचारलं.

"नेलं गं. दोघांना. किल्ल्यात कोंडलंय."

"कुणी?"

"चौकाची दोन्ही टोकं बंद केली. जर्मन होते, आपले काळे शर्टवाले फॅसिस्टही होते. मध्ये जे जे सापडले ते सगळे. न्हाव्याच्या खुर्चीतून उठवून नेलंय एकाला, गालावर साबण तसाच."

"पण ओरिआनो संपात नव्हता!"

"त्यांनी विचारलं असेल असं वाटतं तुला?"

मागे सेत्तीमिओच्या हातातलं पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं जमिनीवर आपटलं. म्हातारा वाकून ते उचलू लागला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

दोघी किल्ल्याकडे धावल्या. किल्ल्याच्या दाराशी बायकांची ही गर्दी. कुणाच्या हातात कोट, कुणाच्या हातात डबा. भिंती इतक्या उंच, की आतून कुणी ओरडलं असतं तरी बाहेर ऐकू आलं नसतं. पहाऱ्यावर काळ्या शर्टात इलारिओ होता, मोच्याचा मुलगा. आर्जियानं त्याला चालायला लागल्यापासून पाहिलेलं होतं. ती गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचली.

"इलारिओ, ओरिआनो आत आहे. अरे, तो भट्टीवर होता. काल तुझ्या आईनं पाव नेला तो त्याच्याच हातचा."

"मला माहीत आहे, आर्जियाताई."

"माहीत आहे तर जा ना आत, सांग त्यांना!"

इलारिओनं आजूबाजूला पाहिलं. "हळू बोला. कुणाला सांगू? त्यांना माणसं हवीत, एवढंच. कोण हवीत याचं त्यांना काही नाही."

"त्याला एका कानानं ऐकू येत नाही. लष्करानं सोडलेला माणूस आहे तो. तुला ठाऊक आहे."

"ताई, मी तोंड उघडलं तर मलाच त्या रांगेत उभं करतील."

"मग उभा राहा!" मागून कोरिन्ना कडाडली. "तुझ्याऐवजी त्याला सोडू देत!"

इलारिओचा चेहरा पडला. त्यानं बंदूक आडवी धरून दोघींना मागे लोटलं, पण लोटता लोटता आर्जियाच्या कानाशी पुटपुटला, "फ्लोरेन्सला नेतायत. सांता मारिया नोव्हेल्ला चर्चसमोर शाळा आहे, तिथे. पुढचं मला विचारू नका."

थोड्या वेळानं दार उघडलं आणि ट्रक बाहेर पडले, ताडपत्री खाली बांधलेली. बायका आपापल्या माणसांची नावं घेऊन ओरडू लागल्या आणि त्या गलक्यात एकही नाव धड ऐकू येईना. आर्जियाही ओरडली. ट्रक वळणावरून गेले. तो कोणत्या ट्रकमध्ये होता, होता की नव्हता, तिला काही कळलं नाही.

संचारबंदी लागली, त्यामुळे उजाडेपर्यंत घराबाहेर पडायची सोय नव्हती. सकाळी ती खाली आली तेव्हा भट्टी धगधगत होती आणि सेत्तीमिओ फळीवर वाकला होता. समोर पिठाचे लांबट लोळे ओळीनं मांडलेले. बदामाचा वास आला तशी आर्जिया थबकली.

"बदाम कुठून आणले, बाबा?"

"ईस्टरसाठी ठेवले होते. लाकडांच्या मागे." त्यानं वर पाहिलं नाही. "अंडी कोरिन्नानं दिली. सगळ्या कोंबड्या पालथ्या घातल्या तिनं. साखर नाही, मध घातलाय."

"चिंधीवाला झेलिन्दो गाडी घेऊन निघतोय. माल आणायला फ्लोरेन्सच्या अलीकडे पेरेतोलापर्यंत जातोय, तिथवर सोडतो म्हणाला. तिथून आम्ही चालत जाऊ. मला आत्ता निघायला हवं."

"तोवर होतंय."

लोळे भट्टीत गेले. रंग धरून बाहेर आले. सेत्तीमिओनं ते फळीवर ओढले आणि गरम असतानाच तिरके कापायला घेतले. सुरी बदामातून कचकच जात होती. दाराबाहेर झेलिन्दोचं खेचर खूर आपटत होतं. कोरिन्ना गाडीत चढून बसली होती. आर्जियानं दोन पिशव्या फळीवर ठेवल्या.

"भरा."

सेत्तीमिओनं नकारार्थी मान हलवली. कापलेले तुकडे तो पत्र्यावर आडवे मांडू लागला.

"बाबा, भाजून झालंय. खाण्यासारखं झालंय. द्या आता."

"आतून ओलं आहे. पुन्हा एकदा भट्टीत जाऊ दे."

"त्याला भूक लागली असेल. ओलं आहे की कोरडं, तो बघणार आहे का?"

"कुठे नेतायत त्याला? सांग. माहीत आहे तुला?"

आर्जियानं नाही म्हणून मान हलवली.

"मलाही नाही माहीत," म्हातारा म्हणाला. पत्र्यावर तुकडे सरळ रेषेत पडत होते. "फ्लोरेन्सपर्यंत जायचं असतं तर पाव दिला असता मी. पाव चार दिवसांत बुरशी धरतो. एकदा भाजलेलं घरासाठी असतं, पोरी. दुसऱ्यांदा भाजायचं ते प्रवासासाठी. माझा आजा सांगायचा, हे बिस्किट मुळात लाडाचं खाणं नव्हेच. लिव्होर्नोच्या बंदरातून जहाजं निघायची ना, त्यांच्यावर हेच. शिपायांच्या झोळीत हेच. नुसतं पीठ, पाणी, जरा बडीशेप, आणि दोनदा भाजून दगडासारखं केलेलं. सहा महिने समुद्रावर टिकायचं. बदाम, अंडी, साखर हे सगळं मागाहून आलं, पैसेवाल्यांचे चोचले. पण दुसरी भाजणी पहिल्यापासून आहे. ती टाळली तर—"

"बाबा, उशीर होतोय!"

"थोडंच राहिलंय," असं म्हणत त्यानं पत्रा आत सरकवला आणि भट्टीचं दार लावून घेतलं.

आर्जिया पिठाच्या पोत्यावर बसली. तिला त्या क्षणी म्हाताऱ्याचा इतका राग आला की त्याच्याकडे पाहवेना. त्याला ढकलून पत्रा ओढून घ्यावा, तशीच ओली बिस्किटं फडक्यात घेऊन पळावं असं वाटत होतं. पण तो भट्टीच्या दारावर हात टेकून उभा होता आणि त्याचा तो हातच तिला दिसत होता. मुलासाठी करता येण्यासारखं त्याच्याजवळ आणखी काही नव्हतं. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं कसं? ती बसून राहिली. बाहेरून झेलिन्दोनं दोनदा हाक मारली. कोरिन्ना ओरडली, "अगं, त्यांना काय लग्नाचं ताट वाढायचंय का?" आर्जिया बसूनच राहिली.

शेवटी पिशव्या भरल्या. गरम होत्या. सेत्तीमिओनं एक आर्जियाच्या हातात दिली, दुसरी गाडीत कोरिन्नाला. "त्याच्या उजव्या कानाशी सांग," तो म्हणाला, "म्हणावं, पाण्यात भिजवून खा. दात तुटतील नाहीतर."

झेलिन्दोच्या खेचराला घाई ठाऊक नव्हती. रस्त्यात दोनदा विमानांचा आवाज आला आणि तिघांना खड्ड्यात आडवं व्हावं लागलं. पेरेतोलाला उतरून दोघी चालत सुटल्या. कोरिन्नाच्या बुटाचा तळ सुटला, तो तिनं चिंधीनं बांधला आणि त्या चिंधीवरूनही काहीतरी विनोद केला, पण दोघींपैकी कुणी हसलं नाही.

शाळेपाशी पोचल्या तेव्हा दारं सताड उघडी होती. अंगणात पेंढा, कागद, एक तुटका चष्मा. एक म्हातारी बाई पायरीवर बसली होती, मांडीवर रिकामा डबा.

"इथली माणसं कुठायत?" आर्जियानं विचारलं.

"आत्ताच काढली बाहेर. स्टेशनवर नेली."

"तुम्हाला भेटू दिलं?"

"दुपारपर्यंत देत होते. फाटकाशी उभं राहून नाव घेतलं की तो यायचा. सूप दिलं मी माझ्या मुलाला. त्यानं डबा परत केला बघा, धुऊन." तिनं डबा उचलून दाखवला. "तुम्ही जरा लवकर यायला हवं होतं, बायांनो."

आर्जियाला पिशवी एकदम जड लागली.

स्टेशनच्या मागच्या फलाटावर मालगाडी उभी होती. गुरांचे डबे. दारं बाहेरून अडसर घालून बंद केलेली, वर एक एक झरोका, त्याला तारा. शिपाई अंतरा-अंतरानं उभे होते, पण बायका इतक्या होत्या की एकीला हटवलं की दुसरी घुसायची. कोरिन्ना म्हणाली, "तू इंजिनाकडून ये, मी मागून घेते." आणि दोघी दोन टोकांना पळाल्या.

प्रत्येक डब्याखाली उभी राहून आर्जिया ओरडत होती. "ओरिआनो! प्रातोचा ओरिआनो!" आतून आवाज यायचे, नुसती नावं, गावं, कुणी पाणी मागत होतं. ती ओरडत होती आणि मनात तिला एकच दिसत होतं. तो डब्याच्या दाराला उजव्या अंगानं रेलून बसला असेल. उजवा कान लाकडाला टेकलेला असेल. किंवा त्या गर्दीत त्याच्या डाव्या कानाशीच हे सगळं चाललं असेल आणि तो शांतपणे समोर बघत असेल, भट्टीपाशी बसायचा तसा. प्रत्येक डब्यापाशी ती दोनदा ओरडू लागली, मग तीनदा.

इंजिनानं शिट्टी दिली. शिपाई बायकांना मागे रेटू लागले. आर्जियाच्या डोक्यावरच्या झरोक्यातून एक हात बाहेर आला, तारांमधून, मनगटापर्यंत. बोटं उघडमीट करत होती.

"ओरिआनो?"

"नाही, ताई. काय आहे ते? द्या."

तिनं हाताकडे पाहिलं. बोटं लांब होती, नखाखाली भाजल्याचे जुने डाग. ओरिआनोचा हात आखूड आणि रुंद.

"प्रातोच्या ओरिआनोला द्याल? पाववाला. एका कानानं ऐकू येत नाही."

"आमच्या डब्यात असेल तर देईन."

डबा हलला. तिनं टाचा उंचावून पिशवी त्या बोटांत कोंबली. ती तारांत अडकली, दोन बिस्किटं खाली पडली, मग कुणीतरी पिशवी आतून ओढून घेतली. गाडी चालू लागली तशी बायका गाडीबरोबर धावल्या आणि फलाट संपला तिथे थांबल्या.

कोरिन्ना परत आली ती पिशवी छातीशी धरून. एका शिपायानं तिला बंदुकीच्या दस्त्यानं मारलं होतं, कपाळ फुटलं होतं. "सापडला नाही गं," ती म्हणाली. "तुला?"

"कुणाच्या तरी हातात दिली."

"कुणाच्या?"

"माहीत नाही."

परतीच्या वाटेवर त्या फारसं बोलल्या नाहीत. प्रातोची वेस दिसली तेव्हा आर्जिया थांबली. "बाबांना सांगू नकोस," ती म्हणाली. "ती पायरीवर बसलेली बाई काय बोलली, ते सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? पण विचारतीलच ना ते."

सेत्तीमिओ दारातच उभा होता. त्यानं आधी तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"दिलं?"

"दिलं, बाबा."

"त्याच्या हातात?"

"त्याच्या हातात." तिच्या तोंडून ते इतकं सहज गेलं की तिला स्वतःलाच नवल वाटलं. "पाण्यात भिजवून खा म्हणून सांगितलं. हसला."

म्हाताऱ्यानं मोठा श्वास सोडला. "बघ," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा भाजली ते बरं झालं."

पुढे वर्षभर तो तेवढ्यावर जगला. सप्टेंबरात जर्मन गेले, हिवाळा आला, भट्टीला ओलं लाकूड मिळू लागलं, कधी मधी साखरही. गिऱ्हाइकांना तो सांगायचा, माझ्या मुलाजवळ दोनदा भाजलेली बिस्किटं आहेत, काटकसरी आहे तो, रोज एक खात असेल. कधी म्हणायचा, आता संपली असतील. आर्जिया समोर उभी राहून पाव तोलायची. खरं सांगावं असं तिला अनेकदा वाटलं. पण खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि भट्टीच्या दारावर टेकलेला तो हात तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. मग ती दुसराच काही विषय काढायची. खोटं रोज थोडं थोडं वाढत गेलं. तो हसला, तो बरा दिसत होता, त्यानं तुमची चौकशी केली. म्हातारा विचारायचा आणि ती सांगायची.

लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, दुकानात एक माणूस आला. आला तेव्हा आर्जियाला वाटलं म्हातारा आहे. उन्हात टोपी घातलेली, सदरा अंगावर लोंबतोय, गालफडं बसलेली. बोलू लागला तेव्हा कळलं, तिशीचाही नसेल.

"इथे ओरिआनो म्हणून कुणाचं दुकान आहे?"

भट्टीपाशी बसलेला सेत्तीमिओ उठला. "माझा मुलगा. पाहिलात तुम्ही त्याला?"

"माझं नाव ओत्तोरिनो. एम्पोलीचा. काचेच्या कारखान्यात होतो." त्यानं टोपी काढून हातात धरली. त्याची बोटं लांब होती, नखांखाली भाजल्याचे डाग. आर्जियानं ती पाहिली आणि झरोक्यातला तो हात ओळखला.

"उन्हातून आलात," ती घाईघाईनं म्हणाली. "पाणी देते. आत या, मागे बसू."

"इथेच बसू देत," सेत्तीमिओ म्हणाला. "माझ्यासमोर."

ओत्तोरिनो पोत्यावर बसला. त्यानं आर्जियाकडे पाहिलं. "त्या दिवशी स्टेशनवर तुम्हीच होतात ना? आवाजावरून ओळखलं मी. चेहरा दिसला नव्हता."

"पाणी घ्या आधी," आर्जिया म्हणाली. तिला त्याच्या तोंडावर हात ठेवायचा होता. पण तो मैलोन्मैल चालून हेच सांगायला आलेला, आणि असा माणूस एकदा बोलू लागला की त्याला थांबवता येत नाही.

"तुम्ही पिशवी दिलीत मला. प्रातोच्या ओरिआनोला द्या म्हणालात. मी सगळ्या डब्यात विचारलं, ताई. शपथेवर सांगतो. ओरिआनो आमच्या डब्यात नव्हता. पुढेही, तिथे छावणीत पोचल्यावरही, मी विचारत राहिलो. कुणी म्हणालं, तसा एक होता, हुकूम ऐकू यायचा नाही त्याला. पहिल्याच महिन्यात... मी स्वतः पाहिलं नाही. म्हणून नक्की सांगत नाही."

सेत्तीमिओनं हातांचं पीठ सदऱ्याला पुसलं.

"आणि बिस्किटं?" सेत्तीमिओनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"आम्ही खाल्ली, बाबा. सगळ्या डब्यानं. वाटून घेतली, एकेक. पाणी नव्हतं. तोंडात धरून ठेवायची, मग मऊ व्हायची. दिवसभर पुरायचं एक बिस्किट. शेवटचे तुकडे होते ते कपड्यात लपवून आत नेले, बरेच दिवस टिकले. जराही खराब झाले नाहीत."

सेत्तीमिओनं मान डोलावली. मग तो आर्जियाकडे वळला.

"पोरी, त्या दिवशी तुम्हाला उशीर झाला का?"

"नाही, बाबा," आर्जिया म्हणाली.

"माझ्यामुळे झाला का?"

"नाही म्हटलं ना. आधीच डब्यात बसवलं होतं सगळ्यांना."

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिनं नजर हलवली नाही. त्याला पटलं की नाही हे तिला त्या दिवशीही कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही, कारण त्यानं पुन्हा हा विषय काढला नाही. तो उठला, भट्टीपाशी गेला आणि पाठमोरा बसला. त्याचे खांदे हलत नव्हते. आर्जियाला वाटलं, जवळ जावं. पण जाऊन म्हणायचं काय?

ओत्तोरिनो टोपी फिरवत होता. "मी चुकीचं काही बोललो का?"

"नाही. तुम्ही आलात, बरं केलंत."

"खरं म्हणजे मी दुसरंही काम घेऊन आलोय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुमचं दुकान मला कसं सापडलं म्हणता? आमच्या डब्यात इथलाच एक होता. पहिलं बिस्किट तोंडात घातल्याबरोबर म्हणाला, हे आमच्या शेजारचं. यातलं अंडं माझ्या बायकोच्या कोंबडीचं आहे, पैज लावा. सगळ्यांना हसवायचा तो. गाडीत, तिथेही. माझ्या शेजारच्याच फळीवर झोपायचा."

आर्जियानं शेजारच्या घराकडच्या भिंतीकडे पाहिलं.

"अल्फिएरो," ती म्हणाली.

"हो. फेब्रुवारीपर्यंत होता. बर्फातून काम करून आला, आडवा झाला आणि सकाळी उठला नाही. त्यानं मला घर सांगून ठेवलं होतं. भट्टीच्या बाजूचं, परसात कोंबड्या. बायको मोठ्यानं बोलते, लांबूनच ऐकू येईल म्हणाला." त्यानं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "आत जायचा धीर होईना. म्हणून आधी इथे आलो. तुम्ही याल माझ्याबरोबर?"

कोरिन्ना रोज स्टेशनवर जायची. परत येणाऱ्यांच्या गाड्या अजून येत होत्या. कालच तिनं अल्फिएरोचा रविवारचा कोट उन्हात घातला होता.

आर्जियानं पुढचं फडकं सोडलं. दुकान तसंच टाकून ती त्याच्याबरोबर बाहेर पडली. चालायचं म्हणजे किती, एका भिंतीपलीकडे. ओत्तोरिनो तिच्या मागे दोन पावलं राहिला.

वरच्या खिडकीत कोरिन्ना चादर झटकत होती. तिनं आर्जियाला पाहिलं आणि खिडकीतून अर्धी बाहेर वाकली.

"काय गं, भर दुपारी दुकान सोडून? आणि हा कोण हाडांचा सापळा धरून आणलास? आण त्याला वर, अंडं फोडते त्याच्यासाठी!"

ओत्तोरिनोनं टोपी पुन्हा काढली. कोरिन्नाचे हात चादरीवर थांबले.

वर येऊ म्हणावं, की तू खाली ये म्हणावं, हेच आर्जियाला सुचेना.